शाळाप्रारंभाचें आशीर्वचन



जून महिन्यांत शाळा उघडतात त्या सुमारास आपल्या मंदिरांत मुलांचीं दप्तरें वेदीच्या पायऱ्यांशीं मांडलीं जातात व धर्मगुरु त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. हें पाणी म्हणजे परीक्षेंत गुण मिळवून देणारा तोडगा नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगूं इच्छितों. (कित्येक मातांना तें रुचणार नाहीं!) अभ्यास मुलांनींच करावयाचा आहे.

मग आशीर्वाद मागावयाचा तो कशासाठीं? येथें संत जोसेफ कालासान्झ यांचें स्मरण होतें. १५९७ सालीं रोम शहरांत, टायबर नदीपलीकडे, संत दोरोतेआच्या मंदिराशीं त्यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा उघडली. पुढें त्यांचा संघ वाढला. परंतु १६४६ सालीं दहाव्या इनोसंट पोपांच्या आज्ञेनें त्याचा दर्जा काढून घेण्यांत आला, आणि तो पूर्ववत् झालेला पाहण्यापूर्वींच १६४८ सालीं त्यांनीं देह ठेविला. बाराव्या पायस पोपांनीं त्यांस ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें तें १९४८ सालीं!

शिकविणाऱ्याला असा धीर लागतो. म्हणून त्या दिवशीं मुलांबरोबर शिक्षकांनींही वेदीपुढें मस्तक लववावें, असा आमचा आग्रह आहे.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशीं कोणतें मूल आलें नाहीं, याची आम्ही चौकशी करीत नाहीं. वह्यापुस्तकांचा खर्च न झेपल्यामुळें जें घरींच राहिलें, त्याच्या दारापर्यंत यंदा पवित्र पाण्याचें भांडें जावें, आणि भांड्यामागून पुस्तकेंही.