जुन्नरची द्राक्षं आणि दगडातल्या पोढ्या
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत. तासाची घंटा अजून शिपाईमामांच्याच हातात आहे असं समजून मी वेळेत संपवतो.

आपले भूगोलाचे सर आज इथे नाहीत. निवृत्तीनंतर ते जुन्नरजवळच्या आपल्या गावी गेले आणि आता त्यांचे गुडघे एवढा प्रवास करू देत नाहीत. निमंत्रण द्यायला फोन केला, तर म्हणाले, "पत्रिका पाठवू नका, तुम्हीच या. द्राक्षं तयार आहेत." म्हणून फेब्रुवारीत आपल्या बॅचचे आम्ही सहाजण निघालो. खराडी ते जुन्नर अंतर शंभर किलोमीटरच्या आतच, पण निम्मा वेळ चाकणनेच खाल्ला. मंचर मागे पडलं आणि नारायणगावच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव दिसू लागले, तेव्हा कुठे सहल सुरू झाल्यासारखं वाटलं.

सर अजून सरच आहेत. चहा हातात देण्याआधी त्यांनी गृहपाठ दिला. "आधी लेण्याद्री चढून या. गणपतीला नमस्कार करा, पण भिंतीही बघा. लेणी कोणी दिली, ते शोधा."

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना त्या जास्तच वाटतात. वर ओळीने तीसेक लेणी. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे त्यातलं सातवं लेणं, मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढा मोठा मंडप आणि मध्ये एकही खांब नाही! शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. त्यावरच्या ब्राह्मी लेखात ते कल्याणच्या सुलसदत्ताचं दान असल्याचं कोरलं आहे. आम्हाला लिपी वाचता येत नव्हती, अर्थ सरांनी नंतर सांगितला. परतताना तुळजा लेणीही पाहिली. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. असं चैत्यगृह सहसा कुठे पाहायला मिळत नाही आणि आपण पुण्यात राहून ते पाहिलेलं नसतं.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. शिवनेरीच्या पोटातही आहेत. आपण महाराजांचं जन्मस्थान पाहून उतरतो, तिकडे वळत नाही. एवढी लेणी इथेच का, हे सरांनी संध्याकाळी अंगणात बसून सांगितलं आणि आम्ही पुन्हा नववी 'ब' मध्ये गेलो. कोकणातल्या बंदरांतून माल नाणेघाटाने वर यायचा आणि घाट चढला की पहिलं मोठं गाव जुन्नर. सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्याच घाटातल्या लेण्यात आहे. वाटेवर व्यापारी, व्यापाऱ्यांपाशी पैसा आणि त्या पैशातून लेणी.

"पण दान फक्त धनवंतांचं नाही," सर म्हणाले. जुन्नरच्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची एक पोढी दिल्याचं लिहिलं आहे. पोढी म्हणजे दगडात खोदलेलं टाकं. दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा परदेशी माणूस. तो आपल्या मावळात येतो आणि काय देतो, तर पाणी. कोणी करंजाची आणि वडाची झाडं लावायला शेतजमीन दिली, तेही कोरलेलं आहे. "एकट्याने डोंगर कोरला नाही रे. कोणी खोली दिली, कोणी टाकं, कोणी झाडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो. दीड एकर, काळी जम्बो द्राक्षं. आपण बाजारात पेटी उचलतो आणि भाव करतो. त्या पेटीमागे वर्षाच्या दोन छाटण्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मग घडागणिक विरळणी, डाउनी आणि भुरीसाठी फवारण्या आणि शेवटी आकाशाकडे बघणं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात आणि बाग घ्यायला आलेला व्यापारी फोन उचलत नाही. तालुक्याच्या पश्चिमेला धो धो पाऊस, भात आणि हिरडा. पूर्वेला पाऊस कमी, पण माणिकडोह, येडगाव, वडज या धरणांचं पाणी. हा नकाशा सरांनी काठीने मातीत काढला. प्रमाण बरोबर होतं की नाही, ते विचारायची हिंमत आजही झाली नाही.

तिथेच सरांनी विषय काढला. मुलगा इथे खराडीत, आयटी कंपनीत. तो परत येणार नाही आणि सरांची तशी तक्रारही नाही. मजूर मिळत नाहीत, गुडघे चालत नाहीत. फार्महाउससाठी पुण्याची माणसं बागेचा भाव विचारून जातात. मग ते आपल्या वर्गातल्या एका मित्राकडे वळले. त्याच्या वडिलांची जमीन कुठे होती, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपण तिथे हुरडा खाल्लाय. आज तिथे काचेची इमारत उभी आहे.

"तुम्ही जमीन दिलीत. आता काय वाटतं? खरं सांग."

तो बराच वेळ मणी खुडत राहिला. मग म्हणाला, "सर, वाईट झालं असं नाही म्हणणार. घर झालं, आईचं ऑपरेशन झालं, पोरी शिकल्या. पण वडील नंतर सकाळी उठून कुठे जायचं, ते विसरले. गेटवर वॉचमनशी बोलत बसायचे. म्हणायचे, इथे माझी विहीर होती."

सर काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. द्यायचं की ठेवायचं, हा सल्ला देण्याची आमच्यापैकी कोणाचीच लायकी नव्हती. खराडीत राहणाऱ्याने तर तो देऊच नये. निघताना बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक पेटी दिली. पैसे काढले, तर त्या रागावल्या.

एप्रिलमध्ये सरांचा फोन आला. खरड छाटणी झाली. गावातल्या एका तरुण जोडप्याला त्यांनी बाग निम्म्या वाट्याने दिली आहे. कष्ट त्यांचे, अनुभव सरांचा, खर्च आणि उत्पन्न अर्धं अर्धं. "पाच वर्षं बघू," म्हणाले. पुढचं त्यांनाही ठाऊक नाही. पण यंदाची बाग उभी आहे.

आता शेवटचा मुद्दा. बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं, यावर ग्रुपवर तीन महिने चर्चा चालली आहे. कोणी कमान म्हणतं, कोणी पुतळा. काल मी शाळेत जाऊन आलो. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी तेवढीच रांग आहे, जेवढी आपल्या वेळी होती. माझी सूचना अशी, की आपण पाण्याची टाकी आणि फिल्टर देऊ आणि पटांगणाच्या कडेला वडाची आणि करंजाची झाडं लावू. ज्याला जमेल त्याने हजार द्यावेत, ज्याला जमेल त्याने दहा हजार. झाडांना पाणी घालायला जो येईल, त्याचीही वर्गणी धरू. पाटीवर रकमा नकोत, फक्त बॅचचं वर्ष असू दे.

सरांना ही कल्पना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "टाकी साफ कोण करणार, ते आधी ठरवा." तर मित्रांनो, ते आज जेवणाच्या आधी ठरवू. सकाळपासून स्वागताच्या टेबलावर जी द्राक्षं ठेवली आहेत, ती सरांच्या बागेतली नाहीत. हंगाम संपला आहे. त्यांच्या बागेतली खायची असतील, तर पुढच्या फेब्रुवारीत जुन्नरला जावं लागेल. गाडीत जागा आहे, नावं माझ्याकडे द्या. आधी तीनशे पायऱ्या, मग द्राक्षं, एवढी एकच अट आहे.