बाबासाहेबांनी लढवलेला एक खटला



पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर प्रेम असतं, अशा माणसांबद्दल मी बोलणार आहे. पोरं हसतायत, हसू द्या. मिलमध्ये आमच्या खात्यात अशा माणसाला जी नावं ठेवीत ती विहारात उच्चारण्यासारखी नाहीत.

१९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधही आले, त्यांनी सरळ उत्तरं दिली होती. कर्व्यांचे वकील कोण? बॅरिस्टर आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला.

कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना ते लावू नका, असं दिल्ली हायकोर्टानं २००९ साली सांगितलं. सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ते फिरवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मान्य केलं. आधार कोणता? लोकांची नीती नव्हे, संविधानिक नीती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडलेलीच. लग्नाचा हक्क मात्र २०२३ साली कोर्टानं नाकारला.

आपल्यातले काही तिसरं शील पुढं करतात. ते बायकोला फसवणाऱ्यालाही लागू आहे; त्याला कुणी घराबाहेर काढलेलं मी पाहिलं नाही. अशा पोराला मात्र ‘लग्न केलं की सुधारेल’ म्हणून उभं करतात. त्या मुलीचा काय गुन्हा? स्थळ बघायला निघण्याआधी पोराला एकांतात विचारा, आणि तो बोलेल तेव्हा हात उगारू नका.