एका सूक्ष्म कवचाची ओळख



आजचा माझा विषय सुमारे एक दशांश मिलिमीटर आकाराचा आहे. खसखशीचा दाणा त्यापुढे मोठाच म्हणावयाचा. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव बहुतेक समुद्रात राहतात. त्यांतील काही पाण्यात तरंगत जगतात आणि मेल्यावर त्यांची चुन्याची कवचे तळाच्या गाळात साचतात. इटलीतील अशाच एका अश्मीभूत कवचाला लुटरबाखर आणि प्रेमोली सिल्वा या दोघा संशोधकांनी १९६४ साली ‘ग्लोबिजेरिना युगुबिना’ हे नाव दिले. त्यात गुब्बिओ या गावाचे जुने लॅटिन नाव आहे.

आता हे कवच ओळखावयाचे कसे? प्रथम गाळ धुवून चाळावा लागतो, आणि इथेच निम्मी लढाई हरता येते! नेहमीची दीडशे मायक्रॉनची चाळणी घेतली, तर ही बुटकी कवचे पाण्याबरोबर निसटून जातात आणि पाहणारा खुशाल सांगतो की थर रिकामा आहे. चाळणी बारीक घ्यावी, कवच ओल्या कुंचल्याने उचलावे आणि दोन्ही बाजूंनी व कडेने पाहावे. युगुबिनाच्या शेवटच्या वेढ्यात बहुधा सहा ते आठ कप्पे असतात, आणि मुख कमानीसारखे असते.

कप्पे गोलसर, म्हणून ती ग्लोबिजेरिना वंशात गेली. पण रूपावरून कूळ ठरविणे धोक्याचे असते. ग्लोबिजेरिनाच्या कवचाला काटे असतात. युगुबिनाला काटे नाहीत, आणि तिच्या भिंतीची छिद्रे अतिसूक्ष्म आहेत. भिंतीचे हे पोत पाहण्याजोगा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९६५ नंतर प्रयोगशाळांत येऊ लागला. १९७८ साली हॉफ्कर यांनी या कवचांसाठी ‘पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना’ हा वंश निर्माण केला. (उच्चार जमला नाही तरी चालेल.) पुढे उंच, फटीसारख्या मुखाच्या कवचांची ‘लाँजिअपर्चुरा’ ही निराळी जात मांडली गेली; काही तज्ज्ञ तिला युगुबिनातच धरतात. एकाच थरात मधली सर्व रूपे सलग सापडत असतील, तर दोन नावे ठेवण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे.

या नावावरून एवढी घासाघीस कशासाठी? सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले, बहुतेक तरंगते फोरॅमिनिफेराही गेले; त्यानंतर लवकरच युगुबिना आली आणि थोड्याच काळात नाहीशी झाली. म्हणून ती सापडली की थराचा काळ कळतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थरात अर्थातच ती नाही. पण राजमहेंद्रीजवळ या लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये समुद्री गाळ अडकला आहे. त्यात युगुबिनाच्याच काळपट्ट्यातील कवचे असल्याचे गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले. तसे असेल तर खालचा प्रवाह त्याआधीचा आणि वरचा नंतरचा. लाव्ह्याने डायनोसॉर मारले की नाही, हा वाद त्याने मिटत नाही. पण त्या वादात बोलणाऱ्याला मी प्रथम त्याची चाळणी किती बारीक होती, हेच विचारीन.