रायफल घ्यावी की नाही?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. उमरेड तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे. धाकटा भाऊ ती करतो. मी नोकरीसाठी नागपूरला आलो आणि इथलाच झालो. एका सकाळी भावाचा फोन आला. नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्यात रात्री रानडुकरांचा कळप उतरला होता. दाणा न् दाणा उकरून खाल्ला होता. वावर पुन्हा नांगरल्यासारखे दिसत होते. तो म्हणाला, ‘‘दादा, फटाक्याले आता डुकरं भेत नाही. रायफलच घेऊन टाकू. तू नागपुरात आहेस, चौकशी कर जरा.’’

मी काही शिकारी नव्हे. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफलीच्या चार गोळ्या झाडल्या, तेवढाच माझा अनुभव. पण भावाच्या आवाजातला वैताग ऐकला आणि कामाला लागलो. स्कूटर घेताना आपण जे करतो तेच केले. कोणती कंपनी, किंमत काय, ज्यांच्याकडे आहे त्यांचे मत काय, असे विचारत सुटलो.

आपल्याकडे साध्या नागरिकाला रायफल घ्यायची म्हटली की पहिले नाव निघते ते सरकारी कारखान्याच्या ‘थ्री फिफ्टीन’चे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती तयार होते, आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. तिचा इतिहास गमतीचा आहे. इंग्रजांच्या काळात सैन्याच्या ‘थ्री नॉट थ्री’ बोअरची बंदूक सामान्य माणसाला ठेवता येत नसे. म्हणून शिकाऱ्यांसाठी वेगळ्या मापाची, आठ मिलिमीटरची, थ्री फिफ्टीन आली. माप वेगळे, पण यंत्रणा त्याच घराण्याची. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात जी जुनी रायफल आपण पाहिली, तिची ही बहीणच म्हणा ना! परदेशी रायफलींची आयात सामान्य ग्राहकांसाठी 1980 च्या दशकातच बंद झाली. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या एकीचे मुख्यालय तर आपल्या अंबाझरीलाच आहे. आता काही खासगी कंपन्याही या धंद्यात उतरल्या आहेत. पण गावाकडे रायफल म्हटले की अजून थ्री फिफ्टीनच.

आता मते ऐका. एका निवृत्त सुरक्षारक्षकाने ती पंधरा वर्षे खांद्यावर वागवली होती. तो म्हणाला, ‘‘साहेब, डोळे मिटून घ्या. पाऊस, धूळ, कशानं काही होत नाही.’’ निशाणेबाजीच्या सरावाला जाणाऱ्या एका मित्राने नाक मुरडले. ‘‘घोडा जड, लाकूडकाम ओबडधोबड, आणि एक नग चांगला निघाला म्हणून दुसरा तसाच निघेल याचा भरवसा नाही,’’ हे त्याचे मत. गावाकडचे एक म्हातारे शिकारी, 1972 चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वीचे, म्हणाले, ‘‘रायफल बरी असते रे, नेम धरणाराच कच्चा असतो.’’ तीन माणसे, तीन मते. मी पुरता गोंधळलो.

शेवटी एका जुन्या बंदूक विक्रेत्याकडे गेलो. त्यांना वाटले असते तर एक गिऱ्हाईक सहज गटवता आले असते. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘रायफल कशी आहे ते मग सांगतो. आधी तुम्ही तिचं काय करणार, ते सांगा.’’

घरी येताना माझ्या लक्षात आले, की तिघांचीही मते खरीच होती. रक्षकाला बंदूक बाळगायची होती, झाडायची क्वचितच. त्याला दणकटपणा हवा होता, तो मिळाला. मित्राला शंभर मीटरवर बोटभर अंतरात गोळ्या बसवायच्या होत्या. त्याला खोट दिसली. कोणत्याही वस्तूबद्दल उलटसुलट मते ऐकू आली, तर आपण बहुमत कोणाकडे ते मोजतो. खरे तर मत देणाऱ्याला विचारायला हवे, की बाबा, तू त्या वस्तूचे केलेस काय? आणि मग तोच प्रश्न स्वतःला.

आम्ही तिचे काय करणार होतो? पिकाची राखण. म्हणून कायदा काढून वाचला. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे. पण ती आहे ठासणीच्या बंदुकीची, जिला आपल्याकडे भरमार म्हणतात. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे छऱ्याची. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात. पीक राखण्याच्या या कलमात रायफल बसतच नाही. ती हवी तर सबळ कारण वेगळे दाखवायचे.

बरे, बंदूक हातात आली म्हणजे डुक्कर मारता येते असेही नाही. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली वन खात्याचा अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. तिच्याशिवाय गोळी झाडली तर गुन्हा. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता. वाटा घालायचा नाही. बिहारमध्ये केंद्राने काही जिल्ह्यांत रोही उपद्रवी ठरवली होती. तिथे मोकामा भागात 2016 च्या जूनमध्ये बाहेरून शिकारी बोलावून दोनशेवर जनावरे मारली. त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच उघड वाद झाला. म्हणजे हा प्रश्न आमच्या धुऱ्यापुरता नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. किती काडतुसे बाळगायची ते परवान्यावर लिहिलेले असते. मग सराव कशावर करायचा? निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 मध्ये विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. म्हणजे नेमका हरभरा पेरून झाल्यावर आणि कापूस वेचणीला आल्यावर बंदूक ठाण्यात, आणि डुकरे वावरात!

हे सगळे मी भावाला फोनवर सांगितले. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, ‘‘तू एक रात्र जागलीले ये, मग कायदा सांग.’’ त्याचे बरोबर होते. मी गेलो.

मचाणावर दोघे घोंगडी घेऊन बसलो. थंडी मी म्हणत होती. एकच्या सुमारास तुरीच्या ओळीत खसखस झाली. भाऊ कानाशी कुजबुजला, ‘‘आली.’’ आवाज सरकत सरकत हरभऱ्याकडे येऊ लागला. काळे, बुटके काहीतरी वाकून हलत होते. माझेही हात शिवशिवले, खोटे कशाला सांगू? भावाने टॉर्च मारला. उजेडात शेजारच्या वावरातला गडी उभा राहिला, डोक्यावरून काळे घोंगडे घेतलेला. त्याच्या बाजूने पळालेली डुकरे कुठे गेली ते पाहत तो वाकून येत होता. ‘‘चहा आहे का भाऊ?’’ त्याने विचारले. आम्ही त्याला चहा दिला. नंतर बराच वेळ आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकजण सोबत्याच्याच गोळीने मेला. अंधारात त्याला डुक्कर समजले होते. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि मचाणावर बसणे वेगळे. रायफलीची गोळी चुकली तर ती दीड-दोन किलोमीटरही जाऊ शकते. आमचा भाग सपाट. दीड किलोमीटरच्या आत आमच्यासारखीच चार-पाच मचाणे, प्रत्येकावर कोणी ना कोणी जागे. मग रायफल कोणत्या कंपनीची, घोडा जड की हलका, याला काय अर्थ उरतो? रायफल जितकी चांगली, तितकी ती दूर मारणार.

पण रायफल नाही म्हणून काहीच करायचे नाही, असे होत नाही. कंटाळलेला माणूस भलते करतो. विजेच्या खांबावरून थेट तार ओढून कुंपणात करंट सोडतो. आपल्या विदर्भात अशा तारांनी माणसे मेली, वाघही मेले. उमरेड-कऱ्हांडला गाजवणाऱ्या ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड भागात असाच गेला. हा मार्ग रायफलीपेक्षाही वाईट. रायफलीमागे निदान एक डोळा असतो, त्या तारेमागे कोणीच नसते.

आम्ही शेवटी झटका मशीन लावले. बॅटरीवर चालते, सौर पट्टीवर भरते. तारेतून क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो. जनावर दचकते, मरत नाही. पण एकट्याने लावले तर डुकरे शेजाऱ्याच्या वावरात जातात. म्हणून त्या घोंगडीवाल्या गड्याच्या मालकाला आणि आणखी दोघांना भेटलो. चौघांनी मिळून एकच कुंपण घातले. तारेला गवत टेकले की झटका कमी होतो. त्यामुळे दर आठवड्याला धुरा साफ करावा लागतो. नाल्याकडची बाजू अजून कच्ची आहे. तिथून यंदाही थोडे नुकसान झाले. पंचनामा करून वन खात्याकडे भरपाईचा अर्ज दिला आहे.

भाऊ पूर्ण खूश आहे असे मी म्हणणार नाही. जागल अजून सुटलेली नाही, फक्त रोजची राहिली नाही. चौघे पाळीपाळीने जातात. परवा त्याने फोनवर विचारले, ‘‘मंग दादा, ते रायफलीचं पूर्ण सोडलंच का?’’ मी म्हटले, ‘‘सोडलं.’’ तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘‘मीही.’’

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)