हळद, हिरडा आणि लोखंडाचा गंज



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. याच हळदीच्या एका अल्पपरिचित गुणाचा, म्हणजे धातुरक्षणाचा, आज विचार करू.

ओलावा आणि प्राणवायू एकत्र आले की लोखंड गंजते. आम्लात तर ते झपाट्याने झिजते. कारखान्यांत पोलादावरील गंज आम्लाने धुऊन काढतात. त्या वेळी चांगला धातू झिजू नये म्हणून आम्लात गंजरोधक द्रव्य अल्प प्रमाणात मिसळावे लागते. अन्यत्र पूर्वी सर्रास वापरली जाणारी क्रोमेटसारखी गंजरोधके कर्करोगकारक ठरली. साहजिकच संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे वळले.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून पातळ थर तयार करतात व आम्लाला अटकाव करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. हिरडा आणि बाभळीची साल यांतील टॅनिन निराळ्या रीतीने काम करते. गंजाशी संयोग पावून ते निळसर काळे संयुग बनवते. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई होत असे, ती याच क्रियेने.

मात्र एवढ्यावरून नांगराच्या फाळाला हळदीचा लेप देऊ नये. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि ओल्या लेपातील पाणी उलट गंजच वाढवील. आम्लातील प्रयोगाचा निष्कर्ष शेतातील मातीला जसाच्या तसा लागू होत नाही.

घरी करण्याजोगा उपाय साधा आहे. काम संपताच अवजारावरील माती काढावी, ते कोरडे पुसावे व जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल हवेत सुकून धातूवर पापुद्रा धरते. अवजारे पावसाबाहेर, जमिनीपासून उंच ठेवावीत.

खाण्याची उत्तम हळद या कामी खर्ची घालणे परवडणारे नाही. परंतु काढणीनंतर उरणारा पाला आणि पॉलिश करताना निघणारा भुगा यांतून उपयुक्त द्रव्य किती व कोणत्या खर्चात मिळेल, हे आपल्या महाविद्यालयांनी अवश्य तपासावे. निष्कर्ष अनुकूल आला, तर आज टाकाऊ वाटणाऱ्या मालालाही मोल येईल. प्रतिकूल आला, तर निदान व्यर्थ खर्च तरी टळेल.