आधी सांगू दे, मग लिहू दे

यंदा रोवणीच्या दिवसांत तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यातली एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा चौदा वर्षांचा. नागपूरला तपासणी झाली होती आणि निदान होतं डिस्लेक्सिया. पिशवीतून तिनं तीन पुस्तकं काढली. एक पहिलीची अंकलिपी, एक शुद्धलेखनाचं आणि एक इंग्रजी लेखनाचा महागडा अभ्यासक्रम. "गुरुजी, घरी शिकवाले यातला कोनता घेऊ?"

मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि मुलाला विचारलं, काल काय केलंस? चांदपूरच्या कालव्याचं पाणी धानाच्या बांधीत कसं घेतलं, तिची पार कुठं फुटली, ती कशी बुजवली, सारं त्यानं असं सांगितलं की चित्र उभं राहिलं. मग म्हटलं, हेच लिही. पंधरा मिनिटांत दोन ओळी झाल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. 'पानी' लिहिलं होतं, 'सेत' लिहिलं होतं. श्रोतेहो, हा डिस्लेक्सिया नाही. आपल्या भागातल्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. मुलानं कानाला ऐकू आलं ते इमानानं लिहिलं. त्याला लाल रेघ मारणं अन्याय आहे. प्रमाण रूप नंतर शिकवता येतं. खरी अडचण दुसरीकडे होती. 'किती'ची पहिली वेलांटी गळाली होती, 'कालवा'तला काना गेला होता, जोडाक्षरं मोडली होती. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. 'धर्म' म्हणताना र आधी येतो, लिहिताना तो रफार होऊन म च्या डोक्यावर बसतो. कानाचा क्रम एक, हाताचा क्रम दुसरा. बहुतेकांना हे कळतही नाही. या मुलांना तिथंच ठेच लागते.

म्हणून परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा आणू नका. अमेरिकेत 1930 च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून जी पद्धत उभी राहिली, तिचं सूत्र मोलाचं आहे: ध्वनी आधी, मग अक्षर, डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला, एक पायरी पक्की झाली की पुढची. हे सूत्र घ्या. तिची पुस्तकं इंग्रजी स्पेलिंगसाठी आहेत, आपल्या वेलांट्या-उकारांना ती उपयोगाची नाहीत.

अंकलिपीही नको. चौदा वर्षांच्या मुलापुढे 'कमळ, बदक' ठेवलं की तो मनातून मिटतो. अक्षरांचा सराव हवाच, पण शब्द त्याच्या जगातले असावेत: पऱ्हे, बांधी, मोटारपंप, बावनथडी, तुमसरचा धानबाजार. आठवड्याला एकच अडचण घ्यावी. या आठवड्यात पहिली वेलांटी म्हणजे पहिली वेलांटीच. बाकीच्या चुका दिसल्या तरी बोट ठेवू नये. आईला हेच सर्वात अवघड गेलं.

आणि विचार मांडणं व शुद्ध लिहिणं ही दोन कामं वेगळी ठेवा. मुलानं बोलावं, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावं किंवा घरच्यांनी लिहून घ्यावं. मग तोच मजकूर त्यानं ऐकावा, वाक्यं मागे-पुढे करावीत आणि त्यातल्या तीनच ओळी स्वतःच्या हातानं लिहाव्यात. जो अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून पानभर निबंध मागतो, तो परत करा.

अशी मुलं नवी नाहीत. 1896 साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्याच मुलाची नोंद केली होती. हुशार, गणितात बरा, पण वाचन जमेना. त्याच्या शिक्षकाचं मत होतं की सारं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेत सर्वांत पुढे असता. सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाला जे दिसलं, ते आपल्याला अजून आळस वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा आता मुलाच्या बाजूनं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. शाळा सुटलीच असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर मराठी माध्यमातून देता येते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून काढता येतात. प्रमाणपत्राची धावपळ दहावीच्या फॉर्मपर्यंत लांबवू नका.

त्या आईनं शेवटी एकही पुस्तक घेतलं नाही. चारशे पानी वही घेतली. ज्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांना माझी विनंती आहे: आज जेवणं झाली की लेकराला म्हणा, दिवसभराचं सांग. आणि पेन तुम्ही हातात घ्या.