झडपेचा आजार आणि न उतरणारा ताप

अंगात कणकण आली की आपण एक गोळी घेतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा ताप उतरतोही. पण जिच्या हृदयाची झडप खराब आहे, किंवा जिला कृत्रिम झडप बसवली आहे, तिने असं करू नये. का, ते आज सांगते.

लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात. त्याचा पुरता इलाज झाला नाही तर पुढे झडप खराब होऊ शकते. काही जणींना ते थेट गरोदरपणात, धाप लागल्यावर कळतं. किडका दात, सुजलेल्या हिरड्या, गळू यांतून जंतू रक्तात शिरतात आणि अशा झडपेवर घर करतात. तिथे त्यांचा गोळा तयार होतो.

त्या गोळ्याचा तुकडा सुटला तर रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकू शकतो. तिथली रक्तवाहिनी जंतूंमुळे कमकुवत होते आणि सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी फुगते. असं थोड्याच रुग्णांना होतं. पण तो फुगा फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो, जीवावर बेततं.

धोका कोणाला जास्त? गोळा मोठा आणि हलता असेल, डाव्या बाजूच्या झडपेवर असेल, आधी एखादा तुकडा मेंदूत गेला असेल, किंवा औषध उशिरा सुरू झालं असेल, त्यांना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. तरी ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

यातलं बरंचसं आपल्या हातात नाही. उशीर टाळणं मात्र आहे.

म्हणून ताप आला की आधी सांगा, “मला झडपेचा आजार आहे.” अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायचं का, ते विचारा. आधीच औषध घेतलं तर जंतू तपासणीत सापडेलच असं नाही. हृदयाची इको तपासणीही लागते. औषध बहुधा शिरेतून, चार ते सहा आठवडे चालतं. ताप आधीच उतरतो. मग “घरी गुरं आहेत, पोरं आहेत” म्हणून बाई निघून येते. तसं करू नका. औषध पुरं करा.

अचानक जोराची डोकेदुखी, उलटी, फिट, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्यात झडपेचा आजार कोणाला आहे? तिच्या सासूला, नवऱ्यालाही हे सांगा. बाई तापाने पडली असेल, तेव्हा डॉक्टरांना हे सांगायचं काम त्यांनाच करावं लागेल.